'वरी अबाउट'ची वाक्यं

मंडळी, आज सहावीच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला 'वरी अबाउट', म्हणजे काळजी वाटणं, शिकवलं. म्हटलं, रोजच्या जगण्यातली वाक्यं करा. मला वाटलं, वाक्यांत परीक्षा येईल, पाऊस येईल.

आमच्या आंबेगावातली उसाच्या कडेला राहणारी पोरं ती! "आई गवताला जाती. आय वरी अबाउट आई." "पप्पा रातचं हिरीवरची मोटार चालू करायला जात्यात. आय वरी अबाउट पप्पा." उसातल्या बिबट्याचं नाव कुणी घेतलं नाही, पण प्रत्येक वाक्यात तोच होता.

सईच्या धाकट्या भावाला, दादूला, गेल्या महिन्यात बिबट्यानं अंगणातून नेलं. मी तिला टाळून पुढं निघाले, तर तिनंच हात वर केला.

"बाई, आय डोन्ट वरी अबाउट दादू. त्याला आता कोण नेणार?"

वाक्य बरोबर होतं. 'शाब्बास' म्हणायला माझी जीभ रेटेना. तुमची रेटली असती?