मिसळणाच्या डब्यातल्या सहा डाळी

भूकंपाच्या वर्षी लातुरात घर असून कुणी घरात झोपत नव्हतं. आमचं घर उभं होतं, एका भिंतीला बारीक चीर तेवढी गेली होती. माझं माहेर मात्र किल्लारीच्या बाजूचं. तिथलं घर जागच्या जागी बसलं. माणसं वाचली आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली, त्यामुळं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं राहून गेलं. माझी लेक सासरीच झाली, कार्तिकात. दवाखान्यातून घरी आलो तर ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आम्हा दोघींना घरात, मातीच्या माळवदाखाली जाऊच दिलं नाही. ह्यांच्या डाळमिलमधली एक मोठी ताडपत्री अंगणात चार बांबूंवर ताणून ठेवली होती. "माळवद अंगावर आलं तर कोण काढील? ताडपत्री पडली तर पडंना," म्हणाले. बाज टाकली, थंडी लागू नये म्हणून चारी बाजूंनी लुगडी बांधली, आणि सव्वा महिना तिथंच काढला.

ताडपत्री पिवळी होती. त्यातून उजेड झिरपायचा तोही पिवळा. माझे हात पिवळे, वाटीतलं दूध पिवळं, सासूबाईंचे पांढरे केस पिवळे. मी अर्धी झोपेत, अर्धी जागी असायचे, दिवस कुठला ते कळायचं नाही. मधूनच बाज थरथरल्यासारखी वाटायची. खरंच जमीन हलली की माझंच अंग, हे कळावं म्हणून उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असायचा. पाणी हललं तर जमीन, नाही हललं तर मी. बहुतेक वेळा मीच असायचे. कुशीत लेक उबदार, शेणा-धुराचा वास, वर ताडपत्रीवर चिमण्यांचे पाय दिसायचे. खरं सांगते, इतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही, आणि त्याच सुखाचा मला अजून राग येतो.

कारण बघायला येणाऱ्या बायका वाकून म्हणायच्या, "पोरगी केतकीच्या रंगाची हाय गं." आणि मी फुगायचे. माझा रंग सावळा, ह्यांचा त्याहून, मग ही केतकी कुठून आली, असा विचार एकीच्या डोक्यात यायचा नाही. तिची शी पांढरी व्हायची, ओल्या चुन्यासारखी. सासूबाई म्हणाल्या, "दूध पिती तर पांढरीच होणार. दूध अंगी लागून राहिलं." मलाही पटलं. लघवीचे पिवळे डाग मात्र लंगोटांवरून जाता जात नव्हते. त्यासाठी मी साबणाला शिव्या घातल्या. चाळीस दिवस रोज ते लंगोट ह्या हातांनी धुतले, पिळले, दोरीवर टाकले, आणि मला काही दिसलं नाही.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. मिलमध्ये ह्यांचं काम डाळ पारखायचं. पोत्यात नळी खुपसायची, मूठभर डाळ काढायची, तळहातावर पसरायची आणि माल पास की नापास ते सांगायचं. ह्यांचा एक नियम होता. गोदामात उभं राहून रंगाबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. कितीही घाईचं गिऱ्हाईक असो, मूठ मिटून बाहेर यायचं, उन्हाकडं पाठ करायची, आणि मग मूठ उघडायची. लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे वरणाची वाटी मांडवाच्या बाहेर धरून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी येऊन मी चिडवायची, "मला बघायला आलात तेव्हा अंगणात नेऊन बघितलं नाही, ते नशीब माझं." हे हसायचे नाहीत. "आत बघितलं म्हणूनच फसलो," म्हणायचे.

सव्वा महिना झाला त्या दिवशी माझं न्हाणं होतं. मी लेकीला ह्यांच्या मांडीवर देऊन गेले. ओले केस घेऊन परत येते तर बाजेवर कुणीच नाही. हे गल्लीत, भर उन्हात, उन्हाकडं पाठ करून उभे. डाव्या हातावर लेक, पांढऱ्या पायजम्यावर शी, आणि उजव्या तळहातावर थोडी शी पसरून हे बघत होते. नमुना बघावा तसे. समोरच्या ओट्यावर बाया उभ्या. माझा पारा चढला.

"अहो, काय हे? लोक बघून राहिले. धुवा ते हात."

"हिच्या शीला रंगच न्हाई," हे म्हणाले.

"दूध पिती ती. पांढरीच असती."

लेकीला खांद्याशी टेकवून ह्यांनी डाव्या अंगठ्यानं तिची खालची पापणी हळूच ओढली. "इकडं ये. इथं बघ. सगळा रंग हिच्या डोळ्यात हाय."

मी बघितलं. दवाखान्यातून आणल्यापासून पहिल्यांदा ती ताडपत्रीच्या बाहेर होती. केतकी-बितकी काही नाही. माझी लेक पिवळी होती. डोळे, नखं, तळवे, सगळी. मी ह्यांच्यावरच ओरडले. तुम्हीच आणली ती ताडपत्री, तुम्हाला दुसऱ्या रंगाची मिळाली नाही का, म्हणून. ते ऐकून घेत राहिले. लंगोट कोण धूत होतं, एवढं जरी ते तेव्हा म्हणाले असते तरी मला बरं वाटलं असतं. म्हणाले नाहीत, कधीच.

लातूरच्या डॉक्टरनं त्याच दिवशी चिठ्ठी दिली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडच्या एका दवाखान्यात होतो. तिथं लहान मुलांचे एक सर्जन हैदराबादहून यायचे. उंच, पांढऱ्या मिशांचे, दख्खनी बोलायचे, आणि मला अम्मा म्हणायचे. त्यांनी कागदावर कलेजा, म्हणजे लिव्हर, काढला, खाली आतडं काढलं, आणि मधली नळी काढली नाही. "ये रस्ता बच्ची में बनाच नहीं, अम्मा." पित्त बाहेर पडायला वाटच नव्हती. ते आतच साठत होतं आणि कलेजा सडवत होतं. आतड्याचा तुकडा वर ओढून थेट कलेज्याला शिवायचा, एवढा एकच उपाय. तोही पोर दोन महिन्यांची व्हायच्या आत, पुढं गेलं की उपयोग कमी. आमची लेक तेव्हा एक्केचाळीस दिवसांची होती. तपासण्या होईस्तोवर त्रेपन्नाव्या दिवशी ऑपरेशन झालं.

नंतर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, मी वाट करून दिली, आता त्या वाटेनं पित्त येतं की नाही ते शी सांगेल. रंग आला तर पोर जगेल. किती वर्षं, ते कुणी सांगू शकत नाही, पण जगेल. नाही आला तर माझ्याकडं दुसरं काही नाही. रोज रंग बघा आणि मला सांगा.

ह्यांना मिलमध्ये परतणं भाग होतं. मी आणि सासूबाई थांबणार. जायच्या आधी हे बाजारात गेले आणि एक मिसळणाचा डबा घेऊन आले, फोडणीचं सामान ठेवतो तसला गोल, आत सात वाट्या. सहा वाट्यांत सहा डाळी होत्या. पांढरी उडीद, मग मूग, मग तूर, हरभरा, मसूर, आणि सालीची हिरवी मूग. "तुला रंग सांगता यायचा न्हाई," म्हणाले, "पिवळट म्हणशील, पांढरट म्हणशील. तसलं नको. डाळ सांग." सातव्या रिकाम्या वाटीत सासूबाईंनी महादेवाचा अंगारा ठेवला.

डॉक्टरांनी डबा बघितला तेव्हा ते मोठ्यानं हसले. दुसऱ्या दिवशी मात्र वॉर्डात शिरताच त्यांनी विचारलं, "कौनसी दाल, अम्मा?"

"उडीद."

मान हलवून ते पुढच्या खाटेकडं गेले. अकरा वाजता मी रस्त्यापलीकडच्या एसटीडीच्या खोक्यात जायची. मिलमधला फोन हेच उचलायचे, बाजूलाच बसून असायचे. मागं चक्क्यांचा घरघराट. मी म्हणायची, "उडीद." हे म्हणायचे, "हं." बस्स, एवढंच बोलणं. मग फोन ठेवून मी खोक्यात तशीच उभी राहायची, बाहेर लोक काच वाजवेपर्यंत.

ते दिवस मला सलग आठवत नाहीत. सकाळी नदीकडून धुकं यायचं आणि खिडकीत थांबायचं. त्यातून गुरुद्वाऱ्यातलं भजन यायचं, कधी जवळून, कधी फार लांबून. लेकीच्या नाकात नळी, पोटावर आडवी पट्टी, आणि ती माझ्याकडं बघत असायची, ओळख असल्यासारखी. इथंही मी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला होता. सासूबाई कोपऱ्यात बसून असायच्या. त्यांनी त्या दिवसांत पांढरं काही खाल्लं नाही, ना दूध, ना भात, ना दही.

उडीद. उडीद. उडीद. आठव्या दिवशी मला वाटलं, जराशी मूग आहे. पण वाटलं म्हणून सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी उडीदच म्हणाले. त्या दिवशी ह्यांचा "हं" आलाच नाही, नुसता चक्क्यांचा आवाज आला.

अकराव्या दिवशी सकाळी लंगोट सोडला आणि माझे हात थांबले. वॉर्डात ट्यूबलाइट, भिंती हिरव्या. माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता. मी लेकीला सासूबाईंकडं दिलं, एका तळहातावर तो लंगोट, काखेत डबा, आणि निघाले. जिन्यात माणसं नाकाला पदर लावून बाजूला झाली, एक नर्स ओरडली. मी आवारात आले, कडुलिंबाच्या सावलीच्या कडेला उन्हाकडं पाठ करून उभी राहिले, आणि लंगोट उघडला. मग डब्याचं झाकण काढलं. उडीद नव्हती. मूगसुद्धा नव्हती. पुढच्या वाटीतला एक दाणा उचलून मी शीच्या शेजारी ठेवला, आणि तो मला लवकर सापडेना.

तशीच रस्ता ओलांडून मी खोक्यात गेले. अजून अकरा वाजायचे होते. फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"तूर," मी म्हणाले.

मग हे म्हणाले, "पॉलिशची का बिनपॉलिशची?"

"अहो, तूर आहे."

"बाहेर नेऊन बघितलीस का?"

"हाव," मी म्हणाले. "बाहेर नेऊन." आणि मग मला रडू आलं, ते ह्यांनी ऐकून घेतलं.

परत आले तर सासूबाईंनी लंगोटासाठी हात पुढं केला. मला वाटलं, धुवायला मागतात. त्यांनी तो मांडीवर उघडा ठेवला आणि किती वेळ बघत बसल्या. "राहू दे," म्हणाल्या, "मला बघू दे जरा." त्या दिवशी त्या दहीभात जेवल्या.

त्यानंतर सतरा वर्षं रोज सकाळी आमच्या घरात डाळीचं नाव घेतलं गेलं. लेक लहान असताना मी बघून सांगायची, मोठी झाल्यावर ती संडासातून स्वतः ओरडायची, "अप्पा, तूर." दोनदा ताप येऊन नांदेड पुन्हा झालं, तेवढं सोडलं तर तूर चुकली नाही. नऊ वर्षांची असताना एकदा तिनं मस्करीत "उडीद" म्हटलं. हे दाढी करत होते, तसेच खाली बसले. ते बघून लेक इतकी घाबरली की तिनं पुन्हा तसली मस्करी केली नाही.

तोवर आमची गल्ली ओळखू न येण्यासारखी झाली होती. घरटी एक क्लास नाहीतर एक मेस, पहाटेपासून सायकली, ओट्याओट्यावर तोंडपाठ करणारी पोरं. माळवद काढून आम्ही स्लॅब टाकला, वर दोन खोल्या काढल्या आणि बाहेरगावच्या बारावीच्या मुली ठेवल्या. लेकही बारावीलाच. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "अप्पा, उद्यापासून मी ओरडणार न्हाई. वरच्या पोरी हसतात. आणि मला कळतंय आता. माझं मी बघीन." हे "बरं" म्हणाले आणि ताटातलं वरण कालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. हे दारात पेपर घेऊन उभे, पान उलटत नव्हते. संडासात नुसता पाण्याचा आवाज. मग तोही थांबला. कडी निघाली, लेक बाहेर आली, आमच्या दोघांकडं न बघता चपला घालून अंगणात गेली. क्लासला उशीर होत होता तिला. पण ती फाटकाशी थांबली, उन्हाकडं तोंड करून वळली आणि केसांना रबर लावायला लागली. एकदा लावलं, काढलं, पुन्हा लावलं. डोळे तिनं उघडे ठेवले होते, उन्हानं पाणी येत होतं तरी. ह्यांनी पेपर खाली केला, पायरी उतरले आणि तिच्या डोळ्यांत नीट बघून घेतलं. मग ती सायकल काढून क्लासला गेली.