सीरियस हाय, निघून या

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मलप्पानं उभा जन्म पोती उचलली. वजन कमरेवर घेतलं की हमाल लवकर वाकतो, मांड्यांवर घेतलं की टिकतो, एवढी एकच गोष्ट तो नव्या पोरांना शिकवायचा. आणखी एक काम त्याच्याकडं न मागता आलं होतं. मोंढ्यात कोणी ट्रकखाली सापडला, कोणाला झटका आला, की त्याच्या घरी मलप्पालाच पाठवीत. दारात उभा राहून तो म्हणायचा, "तब्येत सीरियस हाय, चला." माणूस गेला असं दारात कोणी सांगत नाही. वाटेत घरच्यांना आपोआप उमजत जायचं. मलप्पा कोणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा नाही, आणि मोंढ्यापाशी येईपर्यंत प्रश्नही थांबायचे.

श्रावणातल्या एका सकाळी त्याच्याच फोनवर अंदमानातून बजरंगाचा आवाज आला. बजरंग मुदखेडचा. मलप्पाच्या मुलाबरोबर, शिवांशबरोबर, तो एका बेटावर धक्का बांधायच्या कामावर वेल्डर होता. आवाज तुटत होता.

"काका, शिवांश सीरियस हाय. निघून या."

फोन बंद पडला. मलप्पानं परत लावला नाही. लावून काय विचारायचं असतं ते त्याला माहीत होतं, आणि समोरचा काय खोटं बोलतो तेही.

"कोणाचा होता?" कमलम्मानं विचारलं.

"शिवांशची तब्येत बरी न्हाई म्हणं."

कमलम्मा हमालाची बायको होती. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, हातातलं पीठ झटकलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. गल्लीतल्या बायका यायला फार वेळ लागला नाही.

कंत्राटदाराच्या माणसानं हैदराबादहून दुसऱ्याच दिवशीच्या विमानाचं तिकीट काढलं होतं. जल्दी आइए, असं तो हिंदीत दोनदा म्हणाला. जल्दी तर मलप्पाही सगळ्यांना म्हणायचा. त्यानं तिकीट पुढं ढकलायला लावलं. लेकीला, वर्षाराणीला, सासरहून, मुरुडहून आणायचं होतं, तिच्या आईला एकटं कसं सोडणार? क्रियाकर्म करणारे रेवणसिद्ध स्वामी परगावी गेले होते, त्यांची वाट बघायची होती. मलप्पाच्या लोकांत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, तळहातावर लिंग ठेवतात, मग माती देतात. तिकडं समुद्रात हे कोणाला ठाऊक असणार? पोराचं शेवटचं काम अर्धवट होऊ नये, म्हणून मलप्पानं स्वामींकडून एकेक गोष्ट नीट विचारून घेतली. विभूती, बेलाची पानं आणि कोरं पांढरं धोतर त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेतलं. मधे बजरंगाचे फोन येत होते. ते शेजारचा आनंदराज घ्यायचा आणि "निघालेत, निघालेत," म्हणून ठेवून द्यायचा.

पोर्ट ब्लेअरला मलप्पा पोचला तेव्हा समुद्र खवळला म्हणून बेटावर जाणारी मोठी बोट आदल्या दिवसापासून बंद होती. बजरंग त्याला न्यायला शेवटच्या बोटीनं आला होता आणि इकडंच अडकला होता. अप्पलराजू नावाच्या एका तेलुगू मासेमाराच्या पाया पडून त्यानं त्याची बोट ठरवली होती. फायबरची, चार माणसांची, मागं पेट्रोलचं इंजिन. बजरंग किनाऱ्यावर इंधनाचे डबे चढवत होता. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"काका, लई उशीर झाला. बसा लवकर."

मलप्पा बसला. त्यानं काही विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचं बजरंगाला नवल वाटलं नाही. बाप माणूस आहे, धक्क्यात आहे, असं त्याला वाटलं.

खाडीच्या तोंडाबाहेर पाणी बदललं. मलप्पानं आयुष्यात मोठं पाणी बघितलं होतं ते विष्णुपुरीचं, धरण भरल्यावरचं. त्याला पलीकडचा काठ होता. इथं लाट यायची ती टेकडी सरकत आल्यासारखी. अप्पलराजू इंजिनाचा जोर वाढवून बोट तिच्यावर चढवायचा, माथ्यावर पोचताच हात ढिला करायचा, आणि बोट पलीकडं अशी आपटायची की दात एकमेकांवर बसायचे. प्रत्येक आपटण्याला पाणी आत येत होतं. बजरंग कापलेल्या डब्यानं ते उपसत होता. कमरेत वाकून, नुसत्या हातांनी, म्हणजे लवकर थकेल असा.

"पट्टुको," अप्पलराजू ओरडला. धर, घट्ट धर. सीमेजवळच्या माणसाला एवढं तेलुगू कळतं. पण मलप्पानं काही धरलं नाही. पिशवी छातीशी घेऊन तो फळीवर बसला होता. बोट बुडाली तर बुडू दे. पोराजवळच जायचं होतं, या वाटेनं काय अन् त्या वाटेनं काय. त्याला एकच काळजी होती, पिशवी भिजू नये.

"काका, जरा हात लावा की," बजरंग धापा टाकत म्हणाला. "ती पिशवी ठेवा बाजूला. काय हाय तिच्यात?"

"त्याला बसवायचं सामान."

"कोणाला?"

मलप्पानं त्याच्याकडं बघितलं. इथवर आल्यावर तरी पोरानं नाटक सोडावं, असं त्याला वाटलं.

"शिवांशला. विभूती हाय, धोतर हाय. तुमी लोकांनी जाळला तर न्हाई त्याला?"

बजरंगाच्या हातातला डबा तसाच राहिला. पुढच्या लाटेनं दोघांनाही आडवं केलं. उठता उठता बजरंग म्हणाला, "काका, तो जित्ता हाय."

"खोटं बोलू नको."

"जित्ता हाय हो. पायावर लोखंडी प्लेट पडली. मी निघालो त्या सकाळी पेज प्याला, मला शिव्या दिल्या. तुमाला फोनवर सांगितलं की."

"तू सीरियस म्हणलास."

"मग सीरियसच हाय की."

"भाड्या, मुदखेडचा हायस ना तू? सीरियस म्हणत्यात का असं?"

"मग काय म्हणायचं? पाय सडायलाय, ताप उतरंना. काय म्हणू?"

मलप्पानं त्याच्या थोबाडीत मारली. बजरंगानं ती खाल्ली आणि पुन्हा पाणी उपसायला वाकला.

आणि तेव्हा मलप्पाला समुद्र दिसला. इतका वेळ तो त्याच्यासमोरच होता. आता प्रत्येक लाट त्याला वेगवेगळी दिसू लागली, किती उंच, किती जवळ. त्यानं एका हातानं बोटीचा काठ इतका आवळला की नखाखाली रक्त आलं. वाटेल ते होवो, हे पाणी आपल्याला पलीकडं पोचवू दे, असं तो पुटपुटला, आणि मग पुटपुटणंही थांबवून त्यानं बजरंगाच्या हातातला डबा ओढून घेतला.

त्यानं गुडघे फाकवून बोटीच्या तळाशी बसकण मारली. पाठ सरळ, ताकद मांड्यांत. डबा भरायचा, उचलायचा, वाऱ्याच्या बाजूला न फेकता पलीकडं फेकायचा. एकाही डब्याला घाई नाही, एकाही डब्याला आळस नाही. पाणी घोट्याखाली आलं तसं एका आडव्या लाटेनं मागून बोट धुऊन काढली आणि इंजिन गप्प झालं.

त्या गप्प होण्याला मलप्पा सगळ्यात जास्त भ्याला. अप्पलराजूनं दोरी ओढली, पुन्हा ओढली. बोट लाटांना आडवी फिरू लागली. त्यानं झाकण काढलं, प्लग काढला, फुंकला.

"गुड्डा," तो म्हणाला. "सुकी चिंधी द्या. एक तरी सुकी चिंधी."

बजरंग ओला, अप्पलराजू ओला, बोटीतली पोती ओली. मलप्पानं दातांनी पिशवीची गाठ सोडली आणि कोरं धोतर काढून दिलं. अप्पलराजूनं त्याचा एक कोपरा फाडला, प्लग पुसला, वायरची टोकं पुसली, आणि उरलेलं धोतर इंजिनवर धरायला बजरंगाला सांगितलं. बोट एवढी कलंडली की मलप्पानं उपसलेलं सगळं पाणी परत आत आलं. तो पुन्हा पहिल्यापासून उपसू लागला. इंजिन खोकलं, थांबलं, आणि पुढच्या ओढीला लागलं.

बेटावरचा दवाखाना दोन खोल्यांचा होता. शिवांश दाराकडं तोंड करून पडला होता. खोलीत वास होता. पाय घोट्यापासून वर काळा पडत चालला होता. डॉक्टरीणबाई हिंदीत बोलल्या आणि लपवून बोलल्या नाहीत. पाय कापावा लागणार हे पहिल्या दिवशीच दिसत होतं, तेव्हा थोडक्यात भागलं असतं. मोठी बोट सुरू होती, पोर्ट ब्लेअरला नेता आलं असतं. पण पोरगा हलेना. उद्याच्या विमानानं अप्पा येत आहेत, ते आल्याशिवाय पायाला हात लावू देणार नाही, असं म्हणून त्यानं पलंगाची दांडी सोडली नाही. मग अप्पा आले नाहीत आणि बोटही बंद झाली. ढगांमुळं हेलिकॉप्टर येत नव्हतं. आता पायाचं बोलूच नका, म्हणाल्या. उद्यापर्यंत विष वर चढलं तर बाकीचंही बोलता येणार नाही.

शिवांशला लगेच पोर्ट ब्लेअरला न्यायला हवं होतं, पण अप्पलराजूला त्या पाण्यात परत जायचं नव्हतं. मलप्पानं त्याची मनधरणी केली नाही. त्यानं पेट्रोलचे डबे एकेक करून बोटीत नेले, बोटीतलं पाणी तळापर्यंत उपसलं, मग शिवांशला पाठीवर घेतला. ताप पाठीतून आत शिरत होता. वाळूत पाय रुतत होते, पण वजन त्यानं बरोबर मांड्यांवर घेतलं होतं. अप्पलराजू लांबून बघत होता. थोड्या वेळानं तो आला आणि इंजिनापाशी बसला.

वारा आता पाठीशी होता. लाटा तेवढ्याच होत्या. बजरंगानं शिवांशचा पाय दोन उशांत धरला होता, डोकं मलप्पाच्या मांडीवर होतं. मलप्पा उजव्या हातानं पाणी उपसत होता.

"अप्पा," शिवांश म्हणाला. "त्या विमानाला का आला न्हाईत?"

मलप्पाच्या जिभेवर विमान चुकलं, पाऊस होता, असं काहीतरी आलं होतं. दारात उभा राहून तो आयुष्यभर असंच बोलला होता.

"मला वाटलं, तू गेलास."

शिवांशला ते कळायला वेळ लागला. एक लाट येऊन गेली.

"म्हणून घाई केली न्हाई?"

"म्हणून घाई केली न्हाई."

बजरंगानं मान खाली घातली. शिवांशनं डोळे मिटले आणि तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं. मलप्पानं डावा हात त्याच्या छातीवर ठेवला. छाती हलत होती. हात तिथंच ठेवून तो दुसऱ्या हातानं उपसत राहिला. पुढं किनाऱ्याची काळी रेघ दिसली तेव्हाही त्यानं वर बघितलं नाही, आणि दवाखान्याच्या माणसांनी स्ट्रेचर बोटीपर्यंत आणलं तेव्हा तो हात त्यांना बाजूला करावा लागला. छाती तेव्हाही हलत होती.