पहिली पेटी आणि शालूकाकींची पिकअप

ब्लोलॅम्प पेटवून मी गाडीखाली सरकलो, तेवढ्यात शालूकाकी परसातून ओरडत आल्या.

"अरे सुधाकर, थांब मेल्या! ते काय आहे ते आधी ऐक तरी!"

"डांबर आहे काकी. दिसतंय मला," मी खालूनच म्हणालो आणि चॅसीवर ज्योत धरली.

डांबर नव्हतं. काजूच्या टरफलाचं तेल होतं. कोकणात जन्मलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. घराच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून आमच्याकडे ते लावतात, आणि अंगाला लागलं तर फोड उठतात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. तापवल्यावर त्याचा जो धूर निघाला, तो थेट माझ्या तोंडावर आला. संध्याकाळपर्यंत माझे डोळे सुजून बंद झाले. दोन दिवस मी तोंडाला खोबरेल तेल चोपडून घरी बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रत्नागिरीत माझं पस्तीस वर्षं गॅरेज होतं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ते बंद केलं. आता ओळखीतलं एखादंच काम घेतो, तेही गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन. शालूकाकी ही जुनी ओळख. पावसजवळ त्यांची आंब्याची बाग आहे. मी शिकाऊ होतो तेव्हापासून त्यांची पिकअप आमच्याकडे येई, आणि ती स्वतः काकी चालवत आणत. यजमान गेले तेव्हा मुलगा नंदू तीन वर्षांचा होता. ड्रायव्हर ठेवून बघितला, तो वाटेत आंबे विकायचा आणि पेटीत तळाला भरायचा दगड. मग काकींनी लुगडं आवरून स्टिअरिंग हातात घेतलं आणि पेट्या घेऊन बाजारात यायला लागल्या. त्यांना 'वहिनी' म्हणणारे व्यापारी वर्षभरात 'काकी' म्हणायला लागले, तेव्हा त्या तिशीतल्या होत्या.

आता त्या शहात्तर वर्षांच्या. गाडी तीन वर्षं मांगरात उभी. मांगर म्हणजे बागेतली कौलारू शेड. नंदू डोंबिवलीला नोकरीला आहे. चांगला मुलगा, आईला रोज फोन करतो. त्याला मांगराच्या जागी पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. भंगारवाल्याशी बोलणंही झालं होतं.

यावर काकींनी एकच अट घातली. त्यांच्या घरची दर वर्षीची पहिली पेटी गणपतीपुळ्याला देवापुढे जाते, आणि ती या पिकअपमधूनच जाते. गेली तीन वर्षं ती रिक्षातून गेली, ते त्यांना लागलं होतं. "गाडी स्वतःच्या पायाने पुळ्याला जाऊन आली तर राहील. नाही गेली तर खुशाल ने," त्या नंदूला म्हणाल्या. नंदू कबूल झाला. मला फोनवर त्याने हळूच विचारलं, "काका, खरं सांगा, होईल का?"

"चॅसीवर आहे सगळं," मी म्हटलं.

चॅसी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. इंजिन, केबिन, मागचा हौदा, सगळं त्यावर बसतं. खाऱ्या हवेत ती आतून सडते आणि एक दिवस मधूनच मोडते. काकींच्या चॅसीवर बोटभर जाड काळा थर होता. असा थर दिसला की माझ्यासारखा माणूस समजतो, खाली सडकं झाकलंय. म्हणून तर मी तो जाळायला निघालो होतो.

तिसऱ्या दिवशी, डोळे उघडल्यावर, मी पटाशीने टीचभर थर खरवडला. खालचं लोखंड नवंकोरं. यजमानांनी सुरू केलेला रिवाज काकींनी चालू ठेवला होता: दर वर्षी पावसाच्या आधी चॅसीला काजूचं तेल. हेच त्या मला परसातून ओरडून सांगत होत्या.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. माझं तर तोंड खरोखरच पोळलं होतं. तरी मी काही फुंकायला शिकलो नाही.

पुढचं काम रीतसर झालं. इंजिन जाम होतं. प्लग काढून त्या भोकांतून ऑइल आणि डिझेल सोडलं आणि चार दिवस मुरत ठेवलं. पाचव्या दिवशी हँडल मारल्यावर ते करकरत फिरलं. ब्रेकचे रबर बदलले. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं भांडं, उघडून धुतला. त्यात जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. हौद्याच्या फळ्या कुजल्या होत्या, त्या काकींनी घरच्याच फणसाच्या लाकडाच्या करून घेतल्या. काकी रोज अकरा वाजता चहा घेऊन येत, दगडावर बसत आणि काहीतरी सांगायला लागत. मी "हो काकी, बघतो काकी" म्हणत पान्यात डोकं घालून असायचो.

पेट्रोलच्या टाकीला झाकण म्हणून काय होतं, तर नारळाची करवंटी. घासून गोल केलेली, फडक्यात गुंडाळून दाबून बसवलेली, मधोमध सुईएवढं भोक. मला हसू आवरेना.

"हे काय काकी? कढी वाढायला घेता काय?"

"अरे, झाकण हरवलं तेव्हा मी केल्येय ती. तिला ते भोक आहे ना, ते..."

"भोक आहे म्हणूनच म्हणतो. कचरा जातो आत. करवंटीचे दिवस गेले आता."

मी ती उकिरड्यावर भिरकावली आणि दुसऱ्या दिवशी रत्नागिरीतून नवं चकचकीत झाकण आणलं. आत रबरी वॉशर. फिरवलं की मुंगीसुद्धा आत जाणार नाही असं घट्ट. काकींनी ते उलटंसुलटं करून बघितलं. मला वाटलं, आवडलं.

इंजिन सुरू झालं तो दिवस मी विसरणार नाही. दोनदा खोकलं, काळा धूर टाकला आणि लागलं. काकींनी बॉनेटवर हात ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. दोन-तीन दिवस अंगणातच पाच-सात मिनिटं चालवून बघितली. घड्याळासारखी चालत होती.

मार्चमधल्या एका शनिवारी नंदू आला. रविवारी सकाळी पहिली पेटी हौद्यात ठेवली, गाडीला हार घातला. गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, अजून मुदतीत होतं, त्यामुळे तीही धास्ती नव्हती. कॅनने पेट्रोल आणून टाकी गळ्यापर्यंत भरली होती. मी चालवायला, शेजारी मांडीवर पूजेची पिशवी घेऊन काकी, आणि मागून नंदू त्याच्या कारने.

गोळपच्या चढावर गाडी बंद पडली.

बॉनेट उघडलं. प्लगला ठिणगी होती. कार्बोरेटर रिकामा होता, म्हणजे पेट्रोल येत नव्हतं. पंपाची नळी काढून फुंकली. दहा मिनिटं खटपट करून स्टार्टर मारला, तर सुरू. "कचरा अडकला असेल," मी ऐटीत म्हणालो. दोन किलोमीटरवर पुन्हा बंद. पुन्हा फुंकाफुंकी, पुन्हा दहा मिनिटांनी सुरू. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा ऊन चढलं होतं. मागे वाहनांची रांग लागली होती. एक टुरिस्ट आमचा फोटो काढत होता.

नंदू कारमधून उतरून आला. आवाज खाली ठेवून म्हणाला, "काका, तुम्ही खूप केलंत. आता राहू दे. मी टो मागवतो. पेटी माझ्या कारमधून नेऊ."

हात काळे, शर्ट घामाने चिकटलेला, आणि पस्तीस वर्षांचा धंदा त्या रस्त्यावर उघडा पडलेला. लाज वाटली. त्याहून वाईट वाटलं ते काकींकडे बघून. त्या समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. टो आला की गाडी परत मांगरात नाही, भंगारात जाणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "सुधाकर, मी आता बोलू का?"

मी मान हलवली.

त्या सावकाश उतरल्या, टाकीपाशी गेल्या आणि माझं चकचकीत झाकण फिरवायला लागल्या. त्यांच्याने फिरेना, मी फिरवलं. फुस्स! टाकीने हवा आत ओढली. तो आवाज ऐकला आणि मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"तेलाचा पत्र्याचा डबा फोडतोस तेव्हा भोकं किती पाडतोस?" काकींनी विचारलं.

"दोन."

"का?"

"एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते."

"मग टाकीने काय घोडं मारलंय?"

पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यावी लागते. कंपनीच्या झाकणाला त्यासाठी बारीक वाट ठेवलेली असते. मी आणलेल्या झाकणाला ती नव्हती, आणि मी ती बघितली नव्हती. अंगणात टाकी अर्धी रिकामी होती, आत हवा भरपूर होती, म्हणून कळलं नाही. भरलेल्या टाकीने चढावर लगेच दम तोडला. थांबलं की इकडून तिकडून थोडी हवा शिरायची आणि गाडी पुन्हा सुरू व्हायची. मी आपला नळ्या फुंकत होतो.

काकींनी पूजेच्या पिशवीत हात घातला. हार, उदबत्ती, नारळ आणि त्याखालून करवंटी. धुतलेली, नव्या फडक्यात गुंडाळलेली.

"उकिरड्यावरून उचलून ठेवली होती," त्या म्हणाल्या. "नंदू पाच वर्षांचा होता तेव्हा झाकण कुठेतरी पडलं. मी करवंटी बसवली, बिनभोकाची. ह्याच रस्त्यावर, गोळपच्या चढावर बंद पडली. एकटी होत्ये, मागे पेट्या, आणि हा शेजारी झोपलेला. पेट्रोल संपलं का बघायला करवंटी उचलली, तर असाच आवाज झाला. घरी जाऊन उलथनं तापवलं, त्याच्या टोकाने भोक पाडलं. तेव्हापासून एकदा बंद पडली नाही."

हे नंदूला कुणी सांगितलं नव्हतं.

"आई, मी होतो?"

"होतास की. पायरीच्या आंब्यासारखा घामाने लाल झालेला. उठलाससुद्धा नाहीस."

करवंटी बसवली. स्टार्टर मारला. तिथून भाट्याचा पूल, रत्नागिरी, मग आरे-वारेचे चढ-उतार; पिकअप एकदाही थांबली नाही. पुळ्याला पेटी देवापुढे ठेवली, नारळ फुटला. काकी बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. बाहेर आल्यावर नंदूने माझ्यापुढे हात केला.

"काका, चावी द्या. परत मी नेतो."

"आणि तुझी कार?" काकी म्हणाल्या.

"काका आणतील. आणि आई, खोल्या चिंचेकडच्या बाजूला बांधू. मांगर राहू दे."

काकी पुढच्या सीटवर सरकून बसल्या. मी मागून कार चालवत होतो. गिअर बदलताना नंदू चुकला की त्यांचा हात वर जायचा, एवढं मला दिसत होतं.

माझ्यापुरता धडा साधा आहे. पस्तीस वर्षं मी गिऱ्हाइकाला पहिलं विचारायचो, "काय होतंय?" आणि त्याचं उत्तर संपायच्या आत बॉनेट उघडायचो. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखतो म्हणून माझं नाव होतं. जो माणूस ती गाडी रोज चालवतो त्याचा आवाज ऐकावा, हे काही कुणी शिकवलं नाही. शिकवलं असेल, तर मी ऐकलं नसेल.

पुढच्या आठवड्यात मी त्या नव्या झाकणाला ड्रिलने बारीक भोक पाडून दिलं. पेट्रोलच्या टाकीवर करवंटी हे काही रीतीत बसत नाही. काकींनी ते झाकण घेतलं आणि लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवून दिलं. मग मी हार मानली. पुळ्याला फुटलेल्या नारळाची अर्धी करवंटी मी घरी आणली होती. ती घासून गोल केली, उलथनं तापवून मधोमध भोक पाडलं आणि जादा म्हणून त्यांच्याकडे घेऊन गेलो.

काकींनी ती उजेडात धरून एक डोळा मिटून बघितली.

"भोक मोठं झालंय," त्या म्हणाल्या. "बस, सांगत्ये कसं पाडायचं ते."

मी दगडावर बसलो.