मी ओळख दिलेला माणूस

कसबा बावड्यातल्या प्लॉटच्या व्यवहारात माझा मेव्हणा चौकशी न केल्यामुळे फसला, असे आमच्या नातेवाइकांत अजून म्हणतात. ते खरे नाही. तो चौकशी करणार होता. मी करू दिली नाही.

मेव्हणा म्हणजे बायकोचा सर्वांत धाकटा भाऊ. दूध संघात नोकरीला. प्लॉटचा मालक म्हणून एजंटाने एका गृहस्थाला आणले. आधार कार्ड, जुने खरेदीखत, सगळे त्याच्याजवळ होते. मूळचा शाहूवाडीकडचा, असे एजंट म्हणाला. माझेही गाव तिकडचेच, म्हणून मी सवयीने विचारू लागलो.

“पावणं, मग आमच्या गावच्या वरच्या आळीचं काय तुम्ही?”

“व्हय की.”

“देवळामागं भातशेती हाय, ते तुमचे चुलते?”

“तेच की. गेल्या साली वारले.”

चहा संपेपर्यंत मी त्याला माझ्या मावशीच्या सासरकडच्या नात्यात नेऊन बसवले होते. त्याने स्वतःहून एकही गोष्ट सांगितली नव्हती. सगळे मीच पुरवत होतो आणि तो होकार भरत होता. हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

आम्ही प्लॉट बघायला गेलो तेव्हा शेजारी एक बाई म्हशी धूत होती. मेव्हणा हळूच म्हणाला, “दाजी, त्या मावशींना इचारू का, मालक ह्योच का म्हणून?”

“गप की रं. माझ्या गावाकडच्या माणसाम्होरं माझी इज्जत घालवतोस व्हय?”

तो तसाच मागे फिरला. आमच्याकडे जावयाचा शब्द सहसा कुणी मोडत नाही.

खरेदीच्या दिवशी निबंधक कार्यालयात दोन ओळखदार लागले. विकणाऱ्याला आपण व्यक्तिशः ओळखतो, असे त्यांनी सांगायचे असते. एक एजंटाचा माणूस होता, दुसरा मी. फोटो दिला, अंगठा दिला, सही केली.

मेव्हण्याने कुंपण घालायला घेतले, तेव्हा त्याच म्हशीवाल्या बाईने खऱ्या मालकाला पुण्यात फोन लावला. आधार कार्डावर नाव त्याचे होते, फोटो आम्हाला भेटलेल्या माणसाचा. एजंट आणि तो तोतया, दोघांचे फोन तोवर बंद झाले होते.

पोलिसांना मी सांगितले, आधार कार्ड बघून सही केली. प्लॉटवर काय बोलणे झाले ते सांगितले नाही. मेव्हण्यानेही माझे नाव घेतले नाही. बायको जेवताना म्हणायची, “माझा भाऊ म्हंजे नुसता येडा. इचारायला तोंड नव्हतं?” मी भाकरी मोडत राहायचो.

मग वकिलांनी सांगितले, शेजारी साधी चौकशीही न करणारा खरेदीदार टोळीत सामील असणार, असा पोलिसांचा संशय आहे. आरोपपत्रात नाव आले तर नोकरीवर गदा.

मी मेव्हण्याला विचारले, “तू सांगितलं का न्हाईस?”

“तुम्ही सांगशिला वाटलं, दाजी.”

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात पुरवणी जबाब द्यायला गेलो. हवालदाराने ऐकून घेतले.

“काका, ह्यात तुम्हीच अडकताय, कळतंय न्हवं?”

“कळतंय.”

“मग त्या वेळी का अडवलं त्याला?”

तो पेन धरून थांबला. मी ओळखलेल्या माणसाची चौकशी झाली तर जावई म्हणून माझा मान जाईल असे वाटले, मी म्हणालो. त्याने ते तसेच लिहून घेतले. मी वाचले आणि खाली सही केली.