वांग्याचा वस्तुपाठ

जामनेरच्या शाळेत मी हेडमास्तर होतो, तेव्हा तालुक्यातले मास्तर दोन दुखण्यांसाठी गावात येत. हिवताप आला की दवाखान्यात जात आणि तपासणी आली की माझ्याकडे येत. वर्षातून एकदा शिक्षणखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर शाळा तपासायला निघत. बठ्ठा, म्हणजे सगळाच, खानदेश त्यांना दिपोटी म्हणे. दिपोटी जो शेरा लिहून जाईल त्यावर मास्तरचं वर्ष जायचं. त्यामुळे दिवाळी सरली की रविवारी माझ्या ओट्यावर धोतरं-टोप्यांची गर्दी होई आणि बायको आत चहाचं पातेलं आपटत असे.

माझी औषधं ठरलेली होती. भिंतीला चुना, खाली गेरूचा पट्टा. छडी आढ्यात खोचून ठेवायची. नकाशा टांगताना हिमालय वर आहे ना, हे दोनदा पाहायचं. आणि साहेबाने प्रश्न विचारला तर त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, मिशीकडे बघायचं. डोळ्यांत बघितलं की येत असलेलंही विसरतं. शिवाय माझा एक काळा अल्पाकाचा कोट होता. तो तपासणीच्या मोसमात माझ्या अंगावर कधी नसेच. आज या गावात, उद्या त्या गावात. एकदा दिपोटी एका मास्तराला म्हणाले होते, "हा कोट मी काल पाहिलाय." मी त्यानंतर त्याची बटणं बदलून घेतली.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात पहूरजवळच्या एका खेड्यातला मास्तर आला. पोरगेलासा, काटकुळा, सातवीची फायनल पास झालेला, पण हंगामी. हंगामी म्हणजे आज आहे आणि उद्या नाही. त्याची सोयरीक सावद्याला ठरत आली होती. मुलीचा बाप केळीवाला, बोलायला रोखठोक. त्याने सांगून टाकलं होतं, "मास्तर कायम झाले तर माघात लग्न. नाही तर राम राम." मुलगी या पोराच्या मनात भरलेली होती. त्याने तसं सांगितलं नाही, पण सावद्याचं नाव निघालं की तो स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघायचा. म्हणजे आता हे लग्न दिपोटीच्या हातात होतं, आणि दिपोटी ज्याच्या हातात असतो असं लोक म्हणत तो मी.

त्या वर्षी फर्मान निघालं होतं की प्रत्येकाने एक वस्तुपाठ घेऊन दाखवावा. एखादी वस्तू वर्गात आणायची, मुलांच्या हातात द्यायची आणि तिच्याबद्दल प्रश्नोत्तरं करायची. हा म्हणाला, "नाना, होकायंत्र आणू का?"

"तू पाहिलंयस का होकायंत्र?"

"नाही."

"मग गप्प बस. केळं घे."

"पोरं खाऊन टाकतात, नाना. पाठ अर्ध्यात आला की साली उरतात."

मी विचार केला. असं काहीतरी हवं होतं की जे पोरांना ओळखीचं आहे आणि कच्चं खाता येत नाही. मी म्हणालो, "वांगं घे." स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की त्याला दुसरा चहा दिला. देठ, साल, गर, बी, असे प्रश्न लिहून दिले, शेवटी "पाठ इथे संपला" हे वाक्य दिलं, आणि तालमी कर म्हणून बजावलं. कोटही दिला.

पुढच्या रविवारी तो आला तो हसतच. तालमी जोरात चालल्या होत्या. हजेरी पूर्ण. ज्या पोरांनी श्रावणापासून शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं तीसुद्धा यायला लागली होती. मी म्हणालो, "बघ, पाठ नीट बसवला की पोरं येतात." पोरं कशी काय येतात हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं माझ्यामुळे येतात.

तपासणीच्या दिवशी दिपोटींबरोबर बैलांच्या दमणीत बसून मी त्या खेड्याला गेलो. साहेब पुण्याकडचे, गोरे, मिशी कातरलेली, दुसऱ्याच्या हातचं पाणीही न पिणारे. स्वतःचा स्वयंपाकी बरोबर घेऊन फिरत. शाळा देवळाच्या ओसरीत भरायची. पाटलांनी साहेबांसाठी खास उंच बैठक केली होती, वर सतरंजी, मागे लोड. साहेब बसले तेव्हा खालून कडकड असा आवाज आला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पाठ सुरू झाला आणि मी मनातल्या मनात माघातली तिथी काढली. काय सांगू, असा पाठ मी ट्रेनिंग कॉलेजातही पाहिला नव्हता. प्रत्येक पोराच्या हातात एक एक हिरवं वांगं. देठाला काटे का असतात, साल चकाकते कशाने, बिया किती, पटापट उत्तरं. दिपोटींची पेन्सिल मान डोलावल्यासारखी हलत होती. शेवटी मास्तर माझ्या कोटाची बटणं सावरत म्हणाला, "पाठ इथे संपला."

सगळी शाळा उठली.

पळापळ नाही, गडबड नाही. जो तो आपल्या कामाला लागला. दोघे दगड मांडायला गेले, दोघे मिरच्या आणायला पाटलांच्या घरी. एका पोरीने परकराच्या ओच्यातून मिठाची पुडी काढली. मास्तर "बसा, बसा" म्हणत होता. मी "बसा रे" म्हणून ओरडलो. कोणी ढुंकून पाहिलं नाही. तेवढ्यात एक शेंबडी चिमुरडी दिपोटींसमोर जाऊन उभी राहिली आणि गोड आवाजात म्हणाली, "सायेब, उठा ना जरा. तुमच्या खाली पऱ्हाट्या हायेत."

सतरंजीखाली कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग होता. भरीत पऱ्हाट्यांवरच भाजायचं, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. साहेब उठले. त्यांच्या देखत त्यांची बैठक पेटली.

पाटील मला बाजूला घेऊन कौतुकाने सांगू लागले. पहिल्या तालमीला मास्तरने एकच वांगं नेलं. पाटील म्हणाले, इतक्या लेकरायले एक वांगं दाखवता का? त्यांनी मळ्यातून टोपलीभर वांगी पाठवली. पाठ झाल्यावर उरलेली वांगी टाकायची कशी? भाजली. ठेचली. घराघरातून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या. त्यानंतर प्रत्येक तालमीचा शेवट असाच झाला. पोरांना वाटलं, हाही पाठाचाच भाग. आणि मास्तराला, शपथेवर सांगतो, हे साहेबासमोरही होईल असं स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

दिपोटींनी शेरा लिहिला, "वर्गात शिस्त नाही. शिक्षकाने खुलासा करावा," आणि काही न खाता दमणीत बसले. वास मात्र पहूरपर्यंत आमच्या मागे आला.

दुसऱ्या दिवशी तो पोरगा माझ्या ओट्यावर बसून रडला. मला रडणारी माणसं आवडत नाहीत, काय करावं समजत नाही. मी चिडून म्हणालो, "डोळे पूस आणि दौत आण." आणि मी खुलासा लिहायला घेतला. त्या काळात नव्या शिक्षणाचं वारं वाहत होतं. मुलांनी हातांनी कामं करावीत, कामातून शिकावं. मी लिहिलं की पाठाचा उत्तरार्ध कृतीतून शिकवण्यात आला. सरपण गोळा करण्यात श्रमाची गोडी, वाटप करण्यात भागाकार, एका ताटात जेवण्यात समता. "हुकमाशिवाय स्वयंस्फूर्तीने उठलेला वर्ग हीच खरी शिस्त होय," हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भरीत उरलं होतं का?"

पोराने खुलासा वाचला. मग हळूच विचारलं, "नाना, हे मी केलं का?"

"केलंस. तुला माहीत नव्हतं."

त्याने सावद्याचं स्मरण केलं असावं. सही केली.

उत्तर आलं. दिपोटींना पद्धत अत्यंत अभिनव वाटली. परंतु ती, ज्यांचं अक्षर खुलाशात दिसतं त्या हेडमास्तरांनीच स्वतः आपल्या शाळेत, तालुक्यातल्या सर्व शिक्षकांपुढे करून दाखवावी. पाठ पटला तर संबंधित हंगामी शिक्षकाला कायम करण्याचा विचार होईल.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कित्येक वर्षांत मी वर्गात पाठ घेतला नव्हता. लोकांना कसा घ्यावा ते सांगत होतो. आणि आता सावद्याची मुलगी माझ्या पाठावर अडकली होती. तो पोरगा आदल्या दिवशी वांगी आणि पऱ्हाट्या गाडीत घालून आला. म्हणाला, "नाना, एक तालीम करू." मी म्हणालो, "वांगी भाजायची तालीम कसली? खानदेशातली पोरं आहेत ती." वर्गाला तोंडी सांगितलं की मी पाठ संपला म्हटलं की उठायचं. पोरांनी माना हलवल्या.

पाठ बरा झाला. आवाज जरा चढला, पण बरा झाला. मागे तालुक्यातले सगळे मास्तर दाटीवाटीने बसले होते. मी म्हणालो, "पाठ इथे संपला."

एकही पोरगं हललं नाही. हाताची घडी, नजर समोर. मी म्हणालो, "उठा." पापणीसुद्धा लवली नाही. खुणा केल्या, डोळे वटारले. डोळे वटारल्यावर तर ती आणखी ताठ झाली. इतकी वर्षं मी त्यांना बजावत आलो होतो की साहेब असेपर्यंत जागचं हलायचं नाही, मी काहीही म्हणालो तरी. घामाने माझा कोट पाठीला चिकटला. कोट त्या दिवशी चुकून माझ्याच अंगावर होता.

दिपोटी शांतपणे म्हणाले, "तो वर्ग बसत नव्हता. हा उठत नाही."

तेव्हा मागून तो हंगामी पोरगा उठला. कोणाकडे न बघता पऱ्हाट्या रचायला लागला. त्याच्यामागे दुसरा मास्तर उठला, मग तिसरा, आणि थोड्याच वेळात तालुक्यातले सगळे मास्तर धोतरं खोचून कामाला लागले. माझी पोरं घडी घालून बघत राहिली. भरीत ठेचून झालं तेव्हा दिपोटींनी इकडेतिकडे पाहून विचारलं, "फार तिखट आहे का?" त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाक्याला सुट्टी मिळाली.

पोरगा कायम झाला. माझ्या शेरेबुकात साहेबांनी लिहिलं, "शिस्त अशी की मुले सांगूनही हलत नाहीत. हेडमास्तरांनी खुलासा करावा."

माघात सावद्याला लग्न झालं, मी जेवलो, आहेर केला, आणि खुलासा तसाच राहिला. दुसऱ्यांचे खुलासे मी पान चघळत लिहिले होते. स्वतःचा लिहायला बसलो की लेखणी वाळायची. मला ठाऊक होतं पोरं का उठली नाहीत. ती मला भीत होती, दुसरं काही नाही, आणि हे दिपोटींना कोणत्या शब्दांत लिहायचं?

नवराबायको पाया पडायला आली तेव्हा त्याने कोरा कागद पाहिला. म्हणाला, "आणा नाना, मी लिहितो." बायका आत बोलत होत्या, तो ओट्यावर लिहीत होता. लिहिलं होतं की हेडमास्तरांनी मुलांना संयम शिकवला आहे. समोर वांगी असूनही जी मुलं वडीलधाऱ्यांआधी हात पुढे करत नाहीत, त्यांच्या गुरूचा शाळेला अभिमान आहे.

मी दोनदा वाचलं. मग विचारलं, "हे मी केलं का रे?"

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "केलंत नाना. तुम्हाला माहीत नव्हतं."

मी सही केली.