मागे टाकणारी

वाडी सोडली त्या दिवशी बा डांबरी रस्त्यापर्यंत सोबत आला, माझी पिशवी स्वतःच्या डोक्यावर घेऊन. बदलापूरची रिक्षा दिसली आणि मी धावत सुटले. मागून त्याचा आवाज आला, "कुणाला मागं टाकून जाऊ नये, पोरी." निरोप म्हणून एवढंच.

वाडीवरच्यांनो, आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. मोळ्या घेऊन रानातून परतताना सगळ्यात हळू चालणारा ओळीच्या पुढे, म्हणजे कुणी एकटं पडत नाही. रीत चांगलीच आहे. पण माझे पाय लहानपणापासून ऐकत नसत, आणि बोलणी मीच खायची. 'हिनं मागं टाकलं' ही आपल्याकडे कायम तक्रारच.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागले. तिथे हळू चालणाऱ्यासाठी कुणी थांबत नाही. शेठ म्हणायचा, "सबसे आगे निकल, बेटा." मग अंबरनाथला शिवमंदिराजवळ बायकांची शर्यत होती, कारखान्यातल्या मैत्रिणींनी माझं नाव घातलं. ओढणी कमरेला बांधून धावले. माइकवाला ओरडला, "सगळ्यांना मागे टाकलं!" टाळ्या पडल्या. मी दचकलेच. जन्मभर ऐकलेला आळ तो भोंग्यावरून कौतुकानं सांगत होता. त्या दिवशी मी खूप रडले, आनंदानं आणि रागानंही.

आता बदलापूरला कात्रपात राहते, सकाळी ट्रॅक पँट घालून धावते. माझ्यासारख्या इथे आलेल्या बायांनो, तुम्हालाही ऐकावं लागत असेल, 'शहरात गेली, आईबापाला मागं टाकलं.' हो, टाकलं. टाकून दिलं नाही. यातला फरक ज्याला कळत नाही त्यानं माझ्याबरोबर धावून बघावं.

गेल्या दिवाळीला वाडीवर गेले. बाचे गुडघे गेलेत, त्यामुळे ओळीत आता तोच पुढे. सगळ्यांबरोबर रानाकडे निघालो, तर टेकाडाच्या पायथ्याशी तो बाजूला झाला. म्हणाला, "तू हो पुढं. पळ, बघू दे मला." मी नको म्हणेन, असं सगळ्या काक्यांना वाटलं असणार.

मी चपला हातात घेतल्या आणि पळाले. माथ्यावर पोचून वळले, तर खाली बा पुन्हा ओळीच्या पुढे लागला होता, मान वर करून माझ्याकडे बघत. घर म्हणजे मला आता तो माथा. तिथे मी त्यांची वाट बघत थांबते. खाली मात्र उतरत नाही.