हिरवा चौकोन

माझं माहेर भांडगावचं. लग्न होऊन सणसवाडीच्या पट्ट्यातल्या या गावात आले, तेव्हा घरामागं बाजरीचं रान होतं. पुढं कारखाने वाढले, रान गेलं आणि त्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. आता आमच्या आळीत गावच्यांपेक्षा बाहेरची माणसं जास्त. कुणी बिहारचं, कुणी ओडिशाचं, कुणी नांदेडकडचं. माणसं वाढली तसा कचराही वाढला. संध्याकाळ झाली की जो तो आपल्या दारापुढं प्लॅस्टिक पेटवायचा. सासूबाईंना दमा, त्यामुळं दिवेलागणीला खिडक्या लावून त्या आत बसायच्या. उन्हाळ्यात तर आत बसणं म्हणजे भट्टीच.

माझ्या थोरल्या जाऊबाई, मी त्यांना आक्का म्हणते, पंचायतीच्या सदस्य झाल्या आणि पहिलं हेच काम त्यांनी हातात घेतलं. आक्का बोलायला रोखठोक. एकदा मनात आलं की मागं हटायच्या नाहीत. त्यांनी आळीची बैठक घेतली, खोल्यांमधल्या भाडेकरूंनाही बोलावलं. पाच वर्षांत काय साधायचं ते ठरलं. कचरा जाळायचा नाही, पावसाचं पाणी बोअरजवळ मुरवायचं आणि प्रत्येक दारात सावलीचं एक तरी झाड वाढवायचं. बैठकीतलं बोलणं बैठकीतच राहतं, म्हणून समाजमंदिराच्या भिंतीवर मोठे चौकोन रंगवून घेतले. काम झालंच नसेल तर लाल, चालू असेल तर पिवळा, साधलं तर हिरवा. दर महिन्याला मी आणि आक्कांनी आळीतून फिरायचं, डोळ्यांनी बघायचं आणि रंग ठरवायचा.

सुरुवातीला सगळीच भिंत लाल होती. येणारेजाणारे हसायचे. पण पंचायतीनं लावलेल्या ठेकेदाराचा कचऱ्याचा ट्रॅक्टर रोज यायला लागला आणि जाळणं खरंच थांबलं. गौरी-गणपतीच्या आधी आक्कांनी माळ्यावरचं थर्माकोलचं जुनं मखर काढलं. सोनेरी खांबांचं होतं ते, घरात सगळ्यांना आवडायचं. आळीच्या देखत त्यांनी ते ट्रॅक्टरमध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "आता गौरीला कापडाची आरास." बायांनी टाळ्या वाजवल्या. त्या वर्षाच्या शेवटी कचऱ्याचा चौकोन हिरवा झाला. हिरवा रंग मीच दिला. सासूबाई तेव्हा बाहेर, समाजमंदिरासमोरच्या आमच्या ओट्यावर बसून बघत होत्या.

मग कळलं की स्वच्छ वस्तीला बक्षीस द्यायचं म्हणून पाहणी करायला तालुक्याहून समिती येणार आहे. आक्कांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. रस्ते झाडले, झाडांच्या बुंध्याशी पाण्यासाठी आळी खणली. लिंबाच्या रोपांना शेणखत घालावं म्हणून मी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ओळखीच्या आप्पांकडं गेले. आप्पांच्या वडिलांपर्यंत त्या घरात मेंढरं होती, आता ऊस आणि म्हशी. गोठ्यातली एक दावण रिकामी दिसली.

"आप्पा, मोठी म्हस कुठं हाय?" मी विचारलं.

"गेली," ते म्हणाले. "पोट फुगलं व्हतं. डॉक्टरनं पोटातनं पिशव्या काढल्या, पर वाचली न्हाई."

"पिशव्या? कुठं खाल्ल्या तिनं?"

आप्पांनी माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. "ओढ्यात. तुमचा ट्रॅक्टर तितंच ओततो की. मला वाटलं तुम्हास्नी ठावं हाय."

मी ओढ्याच्या काठानं खाली गेले. वळणाच्या पलीकडं, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी, आमच्या आळीचा सगळा कचरा पडला होता. दुधाच्या पिशव्या, पॅकिंगचा फोम, आणि मध्येच सोनेरी खांब वर काढून पडलेलं आक्कांचं मखर. आप्पांकडून घेतलेली खताची पाटी तिथंच टाकून मी घराकडं निघाले. मी रंग दिलेला तो चौकोन सारखा डोळ्यांपुढं येत होता.

घरी आल्यावर आक्कांना सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या.

"ठेकेदाराचा माणूस लबाड हाय, त्याला बघते मी," त्या म्हणाल्या. "पर आधी समिती येऊन जाऊ दे."

"आन् भिंत?"

"भिंतीवर काय खोटं हाय? आपल्या आळीत कचरा जळतो का? न्हाई ना?"

"आक्का, तुमचं मखर हाय तितं. आन् आप्पांची म्हस गेली."

लाटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. एका घरात राहून अबोला धरणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी कळलं. मीठ मागायचं तरी दोघी सासूबाईंना मध्ये घालत होतो.

सकाळी त्या माझ्या दाराशी उभ्या. "चल, दाखव."

ओढ्याशी गेल्यावर त्यांनी साडी खोचली आणि सरळ कचऱ्यात उतरून मखराचा एक खांब ओढून काढला. काठावर आलेले आप्पा वरून म्हणाले, "राहू द्या बाई, हात घाण व्हत्याल."

"आमचीच घाण हाय, आप्पा," आक्का म्हणाल्या. मग खाली मान घालून, "म्हस दुभती व्हती का?"

"व्हय. रेडकू हाय तिचं. दुसरीला लावलंय, पिऊ देती."

आप्पांच्या सूनबाईंनी चहा आणला. आक्कांनी तो घेतला, पण प्यायला त्यांना बराच वेळ लागला.

परत येताना त्या थेट समाजमंदिरात गेल्या. स्टुलावर चढून हिरव्या चौकोनावर लाल रंग फिरवला. आळीतले लोक जमले. एकजण चिडला, "वैनी, समिती उद्या येतीय! वर्षभराची मेहनत पाण्यात घालता व्हय?" सासरे ओट्यावरून म्हणाले, "पाण्यातच घातलीय ती, ओढ्याच्या. तिला रंगवू दे."

समितीतल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी भिंतीपुढं उभं राहून विचारलं, "रस्ते इतके स्वच्छ आणि चौकोन लाल, हे कसं काय?"

आक्का म्हणाल्या, "कचरा खाली हाय. चला, दाखवते." आणि त्यांना ओढ्यावर घेऊन गेल्या.

बक्षीस अर्थातच दुसऱ्या वस्तीला मिळालं. काही घरांनी आक्कांशी बोलणं टाकलं. बाजारात तर एक बाई मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "स्वतःच्या हातानं स्वतःचं तोंड काळं केलं." मला रडू आलं. आक्का मात्र भाजी निवडत राहिल्या.

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते. त्या गुरुवारी आम्ही दोघी फावडं-घमेली घेऊन निघालो, तर आमच्या खोल्यांत राहणारी बिहारची बाई मागून हाक मारत आली, "भाभी, रुकिए, हम भी चलते हैं. कचरा तो हमारा भी है." तिच्यामागं तिचा नवरा, त्याच्या मागं शेजारच्या खोलीतले दोघं. दुपारपर्यंत सासरेही काठी टेकत ओढ्यावर आले आणि सावलीत बसून सगळ्यांना सूचना देत राहिले. एका दिवसात ते काम होणारं नव्हतं. पावसाळा तोंडावर येईपर्यंत दर गुरुवारी माणसं येत राहिली. ज्यांनी बोलणं टाकलं होतं त्यांच्यातलेही काही आले, काही आजपर्यंत आलेले नाहीत.

ठेकेदार बदलला. ओला कचरा आता आळीतच खड्ड्यात जिरतो. उरलेला कुठं जातो ते बघायला महिन्यातून एकदा आमच्यापैकी कुणीतरी ट्रॅक्टरबरोबर शेवटपर्यंत जातं. भिंतीवर ओढ्याचा एक लाल चौकोन वाढवलाय, त्याचा रंग कधी बदलायचा ते आप्पांनी ठरवायचं. बोअरचा चौकोन अजून लालच आहे. पाणी मुरवायला खड्डे केले, पण उन्हाळ्यात टँकर लागतोच. पाच वर्षांत सगळं होईल असं आता आक्काही म्हणत नाहीत.

गेल्या आठवड्यात आप्पा समाजमंदिरापुढं आले. आक्का पिवळ्या रंगाचा डबा उघडूनच बसल्या होत्या.

"लावू का, आप्पा?"

आप्पांनी भिंतीकडं बघितलं. "वळणाखाली अजून पिशव्या हायत. औंदाचं पाणी येऊन गेल्यावर बघू."

आक्कांनी डब्याचं झाकण लावलं, आणि चहाला घरात या म्हणाल्या.